जमैकाचा इग्वाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावरचा हा मोठा सरडा 1940 च्या दशकात नामशेष झाला, असंच सगळे धरून चालले होते. 1990 मध्ये तो पुन्हा सापडला. तेव्हापासून आजवर तो माणसांच्या पहाऱ्यात जगतोय. त्याच्यावर ही वेळ आणण्यात कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या नऊ मुंगसांचा मोठा वाटा आहे. तेव्हा ही भानगड परक्यांची म्हणून सोडून द्यायला आपण मोकळे नाही.

इग्वाना म्हणजे आपली घोरपडच ना?

नाही. हा गोंधळ फार होतो, कारण फोटोत दोघंही सारखीच दांडगी दिसतात. घोरपड मांसाहारी. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली, मान लांब, आणि उंदीर, अंडी, किडे, मेलेलं जनावर यातलं तिला काहीही चालतं. इग्वाना मुख्यतः शाकाहारी. त्याची जीभ जाड आणि मांसल असते, गळ्याखाली कातडीची झोळ लोंबते आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर काट्यांची रांग असते. भारतात एकही इग्वाना मूळचा नाही. त्यामुळे शेतात किंवा विहिरीच्या कठड्यावर 'इग्वाना' दिसल्याचं कुणी सांगितलं, तर ती घोरपड असते, नाहीतर कुणाच्या घरातून निसटलेलं पाळीव जनावर.

जमैकाचा इग्वाना दिसतो कसा आणि खातो काय?

नर मोठा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याची लांबी चाळीस सेंटिमीटरच्या वर जाते, आणि शेपटी त्याहून लांब असते. मादी थोडी लहान. अंगाचा रंग हिरवट ते निळसर करडा, खांद्याकडे गडद शेवाळी. शास्त्रीय नाव सायक्लुरा कोलाई. हे नाव ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1845 मध्ये दिलं.

खाणं म्हणजे पानं, फुलं, फळं आणि अधूनमधून एखादी गोगलगाय. फळं अख्खी गिळायची आणि बिया दूर कुठेतरी विष्ठेतून टाकायच्या, हे त्याचं जंगलातलं काम. जमैकाच्या जमिनीवर मूळचे मोठे शाकाहारी प्राणी फारच थोडे. हरीण नाही, माकडं तर कधीच संपली. त्यामुळे कोरड्या जंगलात बिया पसरवण्याचा मोठा भार या सरड्यावर होता.

तो राहतो कुठे?

आता फक्त एकाच ठिकाणी, हेलशायर टेकड्यांमध्ये. राजधानी किंग्स्टनच्या नैऋत्येला, समुद्राला लागून सुमारे 114 चौरस किलोमीटरचा हा चुनखडीचा प्रदेश आहे. शहर इतकं जवळ असूनही आतला भाग शाबूत राहिला, याचं श्रेय तिथल्या दगडाला. पावसाने झिजून चुनखडीला भोकं पडली आहेत आणि कडा सुरीसारख्या झाल्या आहेत. सपाट पाऊल टाकायला जागा नाही, बुटांचे तळवे फाटतात, आणि तोल गेला म्हणून हात टेकावा तर हात कापतो. वाहतं पाणी नाही, त्यामुळे पिण्याचं पाणी पाठीवर न्यायचं. शेती होत नाही, रस्ता करणं परवडत नाही. इग्वाना तिथे टिकला तो याच गैरसोयींच्या कृपेने.

पण याच दगडाने त्याची एक मोठी अडचणही करून ठेवली आहे. इग्वानाला अंडी घालायला खणण्याजोगी माती लागते आणि हेलशायरमध्ये माती आहे ती दगडांच्या बेचक्यांत साठलेली, तांबडी, मूठ-मूठभर. बऱ्याच माद्या मिळून वापरतील एवढी माती असलेल्या मोजक्याच जागा संशोधकांना सापडल्या. जूनमध्ये माद्या तिथे जमतात, जागेसाठी भांडतात, एकीने पुरलेली अंडी दुसरी उकरून काढते. म्हणून अंडी घालून झाल्यावरही मादी काही दिवस तिथेच ठाण मांडून राखण करते. सुमारे तीन महिन्यांनी पिल्लं माती फोडून बाहेर येतात.

तो नामशेष झाला असं लोकांना का वाटलं?

कारण तो दिसेनासा झाला होता. सतराव्या शतकाच्या शेवटी हान्स स्लोन नावाचा डॉक्टर जमैकात राहून गेला. पुढे ब्रिटिश म्युझियमचा पाया त्याच्याच संग्रहावर घातला गेला. त्याच्या वर्णनात इग्वाना हा बेटावर सर्रास दिसणारा आणि खाल्ला जाणारा प्राणी आहे. पुढच्या दोनेकशे वर्षांत उसाच्या मळ्यांसाठी सपाटीवरची जंगलं गेली. माणसांबरोबर कुत्री, मांजरं, डुकरं आली आणि शेवटी मुंगूस आलं. विसाव्या शतकात इग्वाना मुख्य बेटावरून गायबच झाला. दक्षिण किनाऱ्यालगत गोट बेटं नावाची दोन छोटी बेटं आहेत, तिथे काही उरले होते. 1940 च्या दशकात तेही संपले. त्यानंतर पुस्तकांत त्याचा उल्लेख भूतकाळात होऊ लागला.

यात मुंगसाचा काय संबंध?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि जरा नाराजीनेच येतो. साहजिक आहे. लहानपणी रस्त्यात मुंगूस दिसलं की 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणून आपण ओरडलेलो असतो. त्याचं तोंड दिसणं शुभ, तो सापाचा वैरी, पंचतंत्रात तर बाळाला वाचवून वर जीव गमावलेला. असा प्राणी खलनायक कसा?

झालं असं. जमैकाच्या उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. 1872 मध्ये विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या. ही आपल्याकडची लहान जात, अंगाने जेमतेम अर्धा-पाऊण किलो. सुरुवातीला उंदीर कमी झाले, एस्प्यूटने लंडनच्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर कौतुकाने लिहिलं. ते पाहून शेजारच्या बेटांनीही जमैकाहून मुंगसं नेली. 1883 मध्ये ती थेट हवाईपर्यंत पोचली.

हिशेब चुकला तो इथे: मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. शिवाय झाडावर चढणारा उंदीर त्याच्या हाती सहसा लागत नाही. मग मुंगसाने जे सोपं होतं ते खाल्लं: जमिनीवर घरटं करणारे पक्षी, त्यांची अंडी, साप, सरडे. भारतात ही सगळी मंडळी लाखो वर्षं मुंगसाबरोबर राहिलेली, त्यांना त्याच्यापासून जीव वाचवणं जमतं. जमैकातल्या प्राण्यांनी असला शिकारी कधी पाहिलाच नव्हता. तिथला काळा साप आणि जमैकन पेट्रेल हा समुद्रपक्षी, दोघंही आज बहुधा नामशेष आहेत, आणि त्यामागे मुंगूस हे एक मोठं कारण मानलं जातं.

पूर्ण वाढलेल्या इग्वानाला मुंगूस मारू शकत नाही. पण अंडी आणि पिल्लं तो फस्त करतो. त्यामुळे वरवर पाहता जंगलात मोठे इग्वाना दिसत राहतात आणि खाली नवी पिढी उभीच राहत नाही. म्हातारे मरत जातात आणि एक दिवस सगळं संपतं.

दोष मुंगसाचा नाही, हे सांगायला नकोच. ते स्वतः होऊन जहाजात बसलं नव्हतं.

1990 मध्ये तो सापडला कसा?

शास्त्रज्ञाला नाही, रानडुकरांची शिकार करणाऱ्या एडविन डफस या माणसाला सापडला. हेलशायरमध्ये त्याच्या कुत्र्याने एका इग्वानाला गाठलं. त्या जिवंत प्राण्याला डफसने किंग्स्टनच्या होप झूमध्ये आणून दिलं. त्याने तो तिथेच भाजून खाल्ला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्यानंतर झालेल्या शोधमोहिमेत टेकड्यांच्या मध्यभागी इग्वानांची एक लहानशी वस्ती हाती लागली. अंदाज होता शंभराच्याही आतला, आणि त्यात बहुतेक सगळे वयस्क.

अशा कथांमध्ये विद्यापीठांची नावं ठळक येतात आणि रान ओळखणारा माणूस एका ओळीत उरकला जातो. इथे मात्र डफसचं नाव नोंदींमध्ये टिकून राहिलं, हे बरं झालं.

सापडल्यावर वाचवण्यासाठी नेमकं काय केलं?

वेस्ट इंडीज विद्यापीठातले पीटर फोगेल आणि पुढे बायरन विल्सन या संशोधकांनी, होप झू आणि अमेरिकेतल्या काही प्राणिसंग्रहालयांच्या मदतीने (त्यात टेक्ससचं फोर्ट वर्थ झू आघाडीवर), दोन कामं एकदम हातात घेतली.

पहिलं 1991 मध्ये सुरू झालं. पिल्लं मातीतून बाहेर यायची वेळ झाली की अंडी घालण्याच्या जागेला तात्पुरतं कुंपण घालायचं, त्यातली काही पिल्लं उचलून होप झूमध्ये न्यायची, मुंगसाला झेपणार नाहीत एवढी मोठी होईपर्यंत वाढवायची आणि परत हेलशायरमध्ये सोडायची. याला 'हेडस्टार्ट' म्हणतात. एका पिल्लामागे काही वर्षं जातात. सोडण्याआधी आरोग्य तपासणी होते, कातडीखाली ओळखीची चिप बसवली जाते. पिंजऱ्यातला आजार जंगलात गेला तर सगळंच ओमफस, म्हणून तपासणीत कसूर चालत नाही.

दुसरं काम सापळ्यांचं. 1997 पासून अंडी घालण्याच्या जागांभोवतीच्या गाभाक्षेत्रात पिंजऱ्याचे सापळे मांडले जातात. आमिष लावायचं, दुसऱ्या दिवशी त्याच धारदार दगडांवरून फिरून एकेक सापळा तपासायचा, अडकलेलं मुंगूस काढायचं, सापळा पुन्हा लावायचा. हे काम कधीच संपत नाही. चार दिवस टाळाटाळ केली तर बाहेरच्या जंगलातून नवी मुंगसं आत यायला मोकळीच.

पिंजऱ्यात वाढलेला इग्वाना जंगलात टिकतो का? त्याला रानातलं काय कळणार?

ही शंका तेव्हा जाणकारांनाही होती. 1996 च्या सुमारास पहिले इग्वाना सोडले तेव्हा त्यांच्या अंगावर रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. ते टिकले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या माद्या पुढे अंडी घालायला त्याच जागांवर जंगली माद्यांच्या शेजारी आलेल्या दिसल्या. इग्वानाच्या पिल्लाला आई काही शिकवतच नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून ते आपल्या भरवशावरच असतं. त्यामुळे वाघ-बिबट्याच्या बछड्यांबाबत जो प्रश्न येतो तो इथे फारसा येत नाही.

पंचवीस वर्षांच्या कामानंतर अंडी घालणाऱ्या माद्यांची आणि दरवर्षी बाहेर येणाऱ्या पिल्लांची संख्या सुरुवातीच्या सहापटीहून अधिक झाली होती.

मग आता तो सुरक्षित आहे म्हणायचं?

अजिबात नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो अजूनही 'अतिसंकटग्रस्त' या सर्वांत गंभीर वर्गात आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, तसं या इग्वानाचं भवितव्य सापळ्यांच्या रांगेपर्यंत आहे. रांगेच्या आत तो वाढतो, बाहेर गेलेली पिल्लं मुंगसाच्या पोटात जातात. निधी आटला किंवा सापळे बंद पडले तर मिळवलेलं काही वर्षांत जाऊ शकतं. हेडस्टार्टचं कौतुक होतं, पिल्लांचे फोटो छान येतात. पण सगळा डोलारा उभा आहे तो सापळ्यांच्या कंटाळवाण्या कामावर. मदतीची अपिलं वाचताना हे लक्षात ठेवावं.

मुंगसं एकदाची संपवून का टाकत नाहीत?

जमैकाएवढ्या मोठ्या बेटावरून मुंगूस समूळ काढणं आजच्या साधनांनी शक्य नाही. छोट्या बेटावर शक्य आहे. म्हणूनच सगळ्यांचा डोळा गोट बेटांवर आहे.

गोट बेटांचं काय प्रकरण होतं?

योजना जुनी आहे: बेटांवरची मुंगसं, मांजरं आणि मोकाट बकऱ्या हटवायच्या, जंगल पुन्हा वाढू द्यायचं आणि तिथे इग्वानाची दुसरी वस्ती उभी करायची. एकाच टेकडीवर सगळी अंडी ठेवण्याचा धोका त्याने टळतो.

2013 मध्ये बातमी आली की चायना हार्बर इंजिनिअरिंग कंपनी याच बेटांवर मालवाहू जहाजांसाठी सुमारे दीड अब्ज डॉलरचं बंदर बांधू इच्छिते. ही बेटं पोर्टलँड बाइट संरक्षित क्षेत्रात येतात. जमीन आणि समुद्र मिळून हे देशातलं सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र, 1999 मध्ये जाहीर झालेलं. तरीही सरकार अनुकूल होतं. 'सरड्यांसाठी नोकऱ्या घालवायच्या का?' हा प्रश्न तिथे अगदी याच शब्दांच्या आसपास विचारला गेला. कोकणातल्या बंदरांचे आणि रिफायनरीचे वाद पाहिलेल्या वाचकाला दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ असतील. कोकणातल्यासारखेच तिथल्या विरोधातही मासेमार होते, कारण तिवरं आणि समुद्री गवताचे पट्टे गेले असते तर मासळीही गेली असती.

सप्टेंबर 2016 मध्ये पंतप्रधान अँड्रू होलनेस यांनी बंदर गोट बेटांवर होणार नाही असं जाहीर केलं. बेटांचं अभयारण्य करण्याचा मनोदयही सरकारने सांगितला. घोषणा झाली म्हणून मुंगसं आपणहून जात नाहीत, बेट साफ करणं हे वेगळं आणि खर्चाचं काम आहे.

जाता जाता: या बेटांसमोरच्या किनाऱ्यावर ओल्ड हार्बर बे नावाचं मासेमारांचं गाव आहे. 10 मे 1845 रोजी 'ब्लंडेल' जहाजातून जमैकात आलेले पहिले भारतीय गिरमिटिया मजूर याच ठिकाणी उतरले. तेही उसासाठीच आणलेले. मुंगसं त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आली.

जंगलात लोणारी कोळसा पाडणारे लोक असतात म्हणे. त्यांना हाकलून का देत नाहीत?

असतात, आणि धोका खरा आहे. हेलशायरच्या कडेकडेने झाडं तोडून कोळसा पाडला जातो. झाडं गेली की वाटा तयार होतात आणि त्या वाटांनी कुत्री आत शिरतात. पण नुसतं हाकलून देऊन हा प्रश्न सुटलेला नाही. ज्याच्याकडे दुसरं काम नाही तो दुसऱ्या वाटेने परत येतो. संवर्धनाच्या कामात रान माहीत असलेली माणसं मजुरीवर घेतली की दोन गोष्टी साधतात: सापळ्यांवर भरवशाचा माणूस मिळतो आणि एक भट्टी कमी होते.

परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत हे इग्वाना आहेत का?

आहेत. 1990 च्या दशकात काही इग्वाना अमेरिकेत पाठवले गेले, म्हणजे जमैकात वादळ किंवा रोगराई आली तरी वाण शिल्लक राहील. जमैकाबाहेर त्यांची पिल्लं पहिल्यांदा 2006 मध्ये इंडियानापोलिसच्या प्राणिसंग्रहालयात झाली.

इतर इग्वानांची काय स्थिती आहे?

प्रत्येकाचं दुखणं वेगळं. शेजारच्या ग्रँड केमन बेटावरचा निळा इग्वाना या शतकाच्या सुरुवातीला रानात पंचवीसहूनही कमी उरला होता. पैदास करून सोडण्याच्या कार्यक्रमातला हजारावा इग्वाना 2018 मध्ये सोडला गेला. फिजीचा तुरेवाला इग्वाना शास्त्राला 1981 मध्ये ज्ञात झाला आणि यादुआ ताबा नावाच्या छोट्या बेटावर त्याची मुख्य वस्ती आहे. फिजीतही 1883 मध्ये भारतीय मुंगूस नेलं होतं, पण या बेटावर ते पोचलं नाही. गॅलापागोसमधला गुलाबी इग्वाना इसाबेला बेटावरच्या वुल्फ ज्वालामुखीवरच राहतो, त्याचं स्वतंत्र जात म्हणून वर्णन झालं ते 2009 मध्ये.

आणि सगळे इग्वाना दुर्मीळ नाहीत. हिरवा इग्वाना पाळायला म्हणून जगभर गेला, फ्लोरिडात मोकाट सुटला, आणि कॅरिबियनच्या काही बेटांवर तर तिथल्या मूळच्या दुर्मीळ इग्वानाशी संकर करून त्यालाच संपवत चाललाय.

पुण्या-मुंबईत इग्वाना विकायला असतात. पाळले तर चालतं का?

विकले जातात ते हिरवे इग्वाना. जमैकाच्या इग्वानाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या जागतिक कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार बंद आहे, कुणी तो विकतोय म्हणाला तर एकतर थाप आहे किंवा गुन्हा. हिरवा इग्वाना दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी करणं मालकाला बंधनकारक आहे.

कायद्याचं सोडा, व्यवहाराचं बघा. दुकानातलं बोटभर हिरवं पिल्लू काही वर्षांत दीड मीटरचं होतं, त्याला खोलीएवढा पिंजरा, अतिनील प्रकाशाचा दिवा आणि रोज ताजा पाला लागतो. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य तालुक्याच्या गावी मिळत नाही. मग कंटाळून कुणी तरी तो तळ्याकाठी सोडून देतो. आपल्या शहरांतल्या तळ्यांत लाल कानाची विदेशी कासवं याच वाटेने आली.

इथे बसून आपण काय करू शकतो?

पैसे पाठवायचे असतील तर इंटरनॅशनल इग्वाना फाउंडेशन ही संस्था या कामाला निधी देते. पण घराजवळ करण्यासारखं जास्त आहे. आपल्या घोरपडीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तरी तिचं तेल गुडघेदुखीवर म्हणून विकलं जातं, आणि 'हाथाजोडी' या नावाने पूजेच्या दुकानांत जी 'मुळी' मिळते ती बऱ्याचदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घरात लक्ष्मी यावी म्हणून लोक ते कुंकवात ठेवतात. दुकानात ते दिसलं तर वनविभागाला कळवा, आणि घरात कुणी आणलं असेल तर ते काय आहे हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

जमैकाला गेलो तर तो पाहता येईल का?

किंग्स्टनच्या होप झूमध्ये पाहता येईल, हेडस्टार्टचं काम तिथेच चालतं. हेलशायरच्या गाभ्यात पर्यटक नेत नाहीत, आणि तो दगड पाहता न्यावं असंही वाटत नाही. हेलशायरचा समुद्रकिनारा मात्र तळलेल्या मासळीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे कुणालाही जाता येतं. वेस्ट इंडीजचं क्रिकेट पाहायला सबायना पार्कला जाणार असाल, तर त्याच शहरात होप झूसाठी एक सकाळ काढता येईल. ऊन चढू लागलं की इग्वाना अंग शेकायला उघड्यावर येतात, त्यामुळे अगदी पहाटे जाण्यात अर्थ नाही.